जेवायचा हात

शर्टाचं बटण लावता लावता तो थांबला. डाव्या हाताच्या बोटांना बटण लागत होतं. डोळ्यांना ते रोजच दिसायचं. आज बोटांना लागत होतं. त्याची गोल कड, मधली भोकं, भोकांतून फुलीसारखा गेलेला दोरा, दोऱ्याचं सुटलेलं एक टोक. कित्येक महिन्यांत या बोटांनी त्याला काहीही सांगितलं नव्हतं. ती गार पडून असायची, थोडी निळसर, आणि बटण लावायचं तर त्यांच्याकडे डोळे लावून, धाकट्या पोराला समजवावं तसं एकेक पाऊल समजवावं लागायचं. त्यानं बटण सोडलं, पुन्हा धरलं. मग कॉलरची शिवण चाचपली, मग कपाटाच्या दारावरचे रंगाचे पोपडे. हात गालावर ठेवला तर गालापेक्षा गरम. त्याला हसू आलं. आरशात एक पन्नाशीतला माणूस अर्धा शर्ट घालून स्वतःचा गाल कुरवाळत हसत उभा होता. आणि ते हसू तोंडावर तसंच असताना त्याच्या लक्षात आलं की आज अंगात फार शांत आहे.

त्यानं हात दुमडून कोपर कानाशी नेलं. काही नाही. मान तिरकी करून, श्वास धरून पुन्हा ऐकलं. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, स्वयंपाकघरात नळ चालू होता, आणि कोपरात काही नव्हतं. तिथे, कोपराच्या आतल्या अंगाला, सर्जननं एक धमनी आणि एक शीर एकमेकींना जोडून दिली होती. धमनीतलं रक्त जोरात शिरेत घुसायचं, त्यानं शीर फुगून दोरखंडासारखी झाली होती, आणि आठवड्यातून तीनदा त्या शिरेत दोन जाड सुया जायच्या, एकीतून रक्त डायलिसिसच्या मशीनकडे, दुसरीतून धुऊन परत. फिस्टुला. जोडावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागायची, कान लावला तर आवाजच यायचा. सुरुवातीला त्यानं या आवाजाला घरघर म्हटलं, तर बायको भडकली होती. "अहो, घरघर लागणं म्हणजे काय ते माहीत आहे ना? सकाळी सकाळी काय शब्द काढता?" मग तिनंच ठरवलं की हे मांजर आहे, ते गुरगुरतं. रात्री ती झोपताना तळहात तिथे ठेवायची, आणि मांजर गुरगुरतंय याची खात्री झाली की मगच दिवा मालवायची.

"मांजर कसं आहे?" स्वयंपाकघरातून तिनं विचारलं. रोजचा प्रश्न. रोजच्या प्रश्नाला रोजचं उत्तर तोंडात तयारच असतं.

"ठीक आहे," तो म्हणाला.

खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण ती तोवर डबा भरायला लागली होती, तिला कामावर लवकर पोचायचं होतं, आणि बोललेला शब्द परत गिळायचा तर दोन पावलं चालून तिच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. तो जागचा हलला नाही. त्यानं उरलेली बटणं लावली, सगळी डाव्या हातानं, न बघता. युनिटमधल्या सिस्टरनं अगदी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "काका, हे थांबलं तर त्याच दिवशी फोन करायचा. ताजी गुठळी असली तर डॉक्टर काढू शकतात. उद्या बघू, परवा बघू केलं तर हात धुऊन बसायची वेळ येते." काल मशीनचा दिवस होता. पुढचा उद्या. म्हणजे उद्या सकाळी सिस्टर तिथे बोट ठेवीपर्यंत कुणालाही कळणार नव्हतं, आणि कळेल तेव्हा गुठळी जुनी झालेली असणार. हा हिशेब त्यानं केला नव्हता. तो आपोआपच झाला होता, आणि त्यामुळेच त्याला त्याची भीती वाटली. रात्री आपण डाव्या कुशीवर झोपलो होतो का? हात अंगाखाली घ्यायचा नाही हे तर त्याला झोपेतही पाठ होतं. काल मशीनवरून उतरल्यावर रक्तदाब पडला होता, त्यानंही होतं असं म्हणतात. पण पहाटे कधीतरी उशीखाली हात दाबलेला आठवत होता, आणि तो काढून घ्यायचा कंटाळा केल्याचंही. कंटाळाच ना? त्यानं स्वतःला विचारलं आणि उत्तर यायच्या आत चपला शोधायला लागला.

रस्त्यावरून तो डावा हात मोकळा सोडून चालला. एरवी हा हात तो पोटाशी धरून चालायचा, कुणाचा धक्का लागू नये म्हणून. आज बोटं सगळ्याला हात लावत होती. कुंपणाच्या जाळीला, खांबाला, दुकानाच्या अर्ध्या उघडलेल्या शटरच्या पन्हळींना. बंदी असलेल्या मित्राबरोबर गावभर हिंडावं तसं त्याला वाटत होतं. कोपरापाशी थोडं ठणकत होतं. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही, म्हणजे लक्ष देत नाही आहोत याकडे बारीक लक्ष दिलं.

त्याचं काम तळघरात चालायचं. शहरातले दंतवैद्य माणसांच्या तोंडाचे ठसे घेऊन पाठवायचे, आणि इथे त्या ठशांवरून दात बनायचे. कवळ्या, टोप्या, अर्ध्या बत्तीश्या. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीनं ठेवलेले. नवखा माणूस आला की त्याची दातखीळच बसायची. त्याला स्वतःला इथे सगळे मास्तर म्हणत. ठशांत प्लास्टर ओतणारा त्याच्याहून वयानं मोठा होता, केसांपासून बुटांपर्यंत कायम पांढरा, म्हणून त्याचं नाव चुना. आणि एवढ्या वर्षांत त्यानं कुणालाच लावलेला नव्हता. मास्तर टेबलाशी बसले आणि त्यांनी स्पिरिटचा दिवा पेटवला हे पाहून चुना हातातलं काम सोडून बघायलाच लागला.

"आज कोरणार?"

"बघतो."

"हाताचं काय?"

"बरा आहे आज."

"बरं झालं बाबा. मालक तुम्हाला बाहेर काउंटरवर बसवायचं म्हणत होते. तिथे तुम्ही गिऱ्हाइकाचे दात मोजत बसला असता."

ते काउंटरचं त्याला माहीत होतं. मालकानं नीटच सांगितलं होतं, हळू आवाजात, खांद्यावर हात ठेवून, आणि तो हात त्याला दिवसभर खांद्यावर जाणवत राहिला होता. मालकाचंही चूक नव्हतं. काही आठवड्यांपूर्वी याच दिव्यावर सुरी तापवताना त्याला कसलातरी वास आला. मेण करपलं असेल म्हणून त्यानं साचा उचलून हुंगला. मेण ठीक होतं. मग चुना ओरडला, आणि त्यानं खाली पाहिलं तर त्याचं स्वतःचं बोट ज्योतीत होतं. दुखलं नाही, त्या वेळीही नाही आणि नंतरही नाही. फोडाला मलम लावताना बायको रडली, तो मात्र ते बोट दुसऱ्या कुणाचं असावं तसं बघत राहिला. सर्जन म्हणाला होता, जोडलेली शीर रक्त ओढून घेते, हातापर्यंत पोचूच देत नाही. चोरीच म्हणा ना. होतं काही जणांना. त्यानं उपायही सांगितले होते. शीर जोडापाशी आवळून प्रवाह कमी करता येतो, पण जास्त आवळली तर ती बंद पडते. नाहीतर बांधूनच टाकायची. हात परत येईल, पण मग मशीन कशाला लावायचं? मानेत पुन्हा नळी. बायको खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. "आधी जीव, मग हात," ती म्हणाली, आणि विषय तिथेच मिटला. घरी येताना तेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. आधी जीव. जीव कुठे असतो ते तिला एवढं नेमकं कसं माहीत, याचाच त्याला राग आला होता.

आज मेण हातात घेतलं आणि ते मऊ झालं. एवढीशी गोष्ट, पण त्याचे डोळे भरून आले. गार हातात मेण मऊ होत नाही; गेले कित्येक महिने ते खडूसारखं तुटायचं. टेबलावर एका निवृत्त बाईंचं काम पडून होतं. त्यांचा पुढचा दात पडला होता, आणि त्यांनी जुना फोटो पाठवून कळवलं होतं की तो दात पहिल्यापासून जरा वाकडा होता, तसाच हवा, सरळ दातानं हसले तर घरचे ओळखणार नाहीत. सरळ दात कुणीही बसवतो. बरोबर तेवढाच वाकडा दात बसवायचा तर हात लागतो. शेजारच्या दातावरून बोट फिरवायचं, मग मेणाच्या दातावरून, आणि दोघांच्या मध्ये केसाइतका जो चढ लागतो तो सुरीनं काढायचा किंवा ठेवायचा. डोळ्यांचा तिथे उपयोग नाही. तो कोरत गेला. सुरी डाव्या हातात, साचा उजव्यात. ऐन उमेदीत लोक म्हणायचे, हे काम म्हणजे मास्तरांच्या डाव्या हाताचा मळ, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन हसायचे.

कारण तो डावखुरा होता, आणि नव्हताही. लहानपणी आत्यानं त्याला वाढवलं. आत्या न्यायाची मोठी पक्की. स्वतःची मुलं आणि भावाचा मुलगा यांच्यात तिनं कधी उजवं-डावं केलं नाही; त्याच्या हातांत मात्र केलं. ताटाकडे डावा हात गेला की ती पळीच्या दांड्यानं हलकेच मारायची, लागेल असं नाही, आठवेल असं. "जेवायचा हात कोणता?" "हा." "मोठ्यानं." "उजवा." मग पाटी-पेन्सिलही उजवीकडे गेली, वस्तू द्यायची-घ्यायची तीही उजव्यानंच. डावा हात मागे राहिला. पण रस्त्यात सापडलेली तार वाकवून त्याची माणसं करायची, साबणाच्या वडीतून घोडा काढायचा, कुलपं उघडायची, हे सगळं डावा करायचा, पलंगाखाली बसून, कुणाला न सांगता. त्याला पुष्कळ वर्षं वाटायचं की सगळ्यांचं असंच असतं. एक हात लोकांत वागायला, एक आपला. आणि प्रश्न असा पाठ झाला होता की झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर एकच आलं असतं.

सर्जननं झोपेतून उठवून विचारलं नव्हतं. भर दुपारी, हसतमुख, आजारी माणसाशी लोक लहान मुलाशी बोलावं तसं बोलतात तसं तो म्हणाला होता, "बरं, जेवायचा हात कोणता आपला?" आणि याच्या तोंडून लगेच निघालं, "उजवा." मोठ्यानं. "मग डाव्यात करू. कामाचा हात आपण राखून ठेवतो." सर्जननं डाव्या कोपरावर शाईनं खूण केली. बायको तेव्हा बाहेर कुठल्याशा खिडकीपाशी रांगेत होती. खोलीतून बाहेर आल्यावर, लिफ्टची वाट बघत असताना, त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की आपण काय बोललो. परत फिरून सांगायचं काय? की डॉक्टर, मी जेवतो उजव्यानं, लिहितो उजव्यानं, पण माझा हात डावा आहे? पन्नाशीचा माणूस असं बोलताना कसा दिसेल? लिफ्ट आली, दार उघडलं, तो आत गेला. नंतर बायकोनं विचारलं, "अहो, डाव्यात कसं काय?" तर तो म्हणाला, त्यांना तीच शीर चांगली वाटली. आणि पुढे ते खोटंही खरं झालं. मानेतली नळी पिकली तेव्हा डावा हात वाचवायचा म्हणून सगळ्या सुया, सगळी सलाईनं उजव्यात घुसली, आणि उजव्या हाताच्या शिरा एकेक करत जळून गेल्या. आता तिथे जोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ती नळी. दात कोरताना ती आठवायची नाही असं त्यानं ठरवलं होतं, तरी मान आपोआप आखडली. फिस्टुला तयार व्हायला वेळ लागतो, तोवर मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालून तिची दोन तोंडं बाहेर ठेवतात. डोक्यावरून आंघोळ नाही, त्या कुशीवर झोप नाही, पट्टी ओली झाली की घरात धावपळ. आणि एक दिवस मशीन सुरू झालं आणि पाचव्या मिनिटाला त्याला थंडी वाजली. खुर्ची हलायला लागली, दात दातांवर आपटायला लागले, आयुष्यभर लोकांचे दात घडवणाऱ्या माणसाला स्वतःचे दात आवरेनात. नळीतून जंतू थेट रक्तात गेले होते. पलीकडच्या खुर्चीतले गुरुजी त्याला ओरडून धीर देत होते. गुरुजी खूप वर्षं मशीनवर होते. दोन्ही हातांतले फिस्टुले झाले, दंडात बसवलेली प्लॅस्टिकची नळी झाली, मांडीतली झाली, सगळं एकेक करून बंद पडलं, आणि आता मानेत नळी. "माझी सगळी दारं बंद झाली," ते म्हणायचे, "आता खिडकीतून ये-जा चाललीये." पुढे त्यांनाही तशीच थंडी वाजली. त्यानंतरच्या पाळीला खुर्ची रिकामी होती, सिस्टर तिच्यावर नवी चादर अंथरत होती आणि कुणाकडे बघत नव्हती. चादरीच्या घड्या ती हातानं पुन्हा पुन्हा मोडत राहिली.

दुपार कलली तेव्हा दात झाला. त्यानं डोळे मिटून शेजारच्या दातावरून बोट आणलं, वाकड्या दाताच्या धारेवर ते अडलं, हवं तेवढंच. मग आनंदाच्या भरात त्यानं उरलेल्या मेणाचा तसाच आणखी एक कोरला, कशासाठी ते माहीत नसताना. चुना म्हणाला, "मास्तर, या दातानं कुणी मला चावलं तरी मी आभार मानीन." सगळे हसले, तोही हसला, आणि हसताना उजवा हात आपसूक डाव्या कोपराकडे गेला. शीर कडक झाली होती. सकाळी ती नुसती गप्प होती, आता पेन्सिलीसारखी कातडीखाली उभी होती आणि दाबली की दुखत होती. तो संडासात जाऊन दार लावून उभा राहिला. खिशात फोन होता. सिस्टरचा नंबर त्यात सगळ्यात वर होता, बायकोनंच तसा ठेवला होता. त्यानं फोन काढला, डाव्या अंगठ्याखाली काचेचा गुळगुळीतपणा लागला, आणि तो गुळगुळीतपणाच त्याला सोडवेना. फोन केला की हे संपलं. ते गुठळी काढतील, रक्त पुन्हा धावेल, आणि संध्याकाळपर्यंत ही बोटं पुन्हा मरतील. नाही केला तर उद्या कुणाचीच चूक नसेल. झोपेत झालं म्हणता येईल. मग नळी, मग थंडी, मग कुणीतरी चादर अंथरेल; पण तोवर किती दात होतील! माणूस असा विचार करू शकतो आणि त्याचा चेहरा आरशात इतका साधा दिसतो, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं फोन खिशात ठेवला. दुसऱ्या खिशात जास्तीचा दात होता.

मशीन नसलेल्या दिवशी बायको कामावरून सुटली की तळघराच्या जिन्यापाशी यायची आणि दोघं चालत घरी जायची. ती नेहमी त्याच्या डाव्या अंगाला चालायची, मांजराला धक्का लागू नये म्हणून, आणि त्याचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चोळत चोळत बोलायची. आज तो हात खिशात घालून वर आला.

"खिशात काय हात घातलाय साहेबासारखा? काढा इकडे."

"असू दे. गार आहे."

"गार आहे म्हणूनच म्हणते."

तिनं मनगट धरून हात बाहेर काढला, दोन्ही तळव्यांत घेतला, आणि थांबली. तिचा चेहरा असा उजळला की त्याला बघवेना. "अहो, गरम आहे! किती गरम आहे बघा!" ती रस्त्याच्या कडेला उभी राहून त्याची बोटं एकेक करून दाबत होती, नखांचा रंग बघत होती, "कधीपासून? सांगितलं का नाही? बघा, मी म्हटलं नव्हतं का, आपोआप..." आणि बोलता बोलता तिचे हात हळू झाले. तिनं मान वर केली नाही. त्याला दिसलं ते एवढंच, की तिचं हसू गेलं नाही, ते तोंडावर तसंच राहिलं आणि त्याच्या मागून ती स्वतः निघून गेली. सकाळी आरशात त्यानं हेच पाहिलं होतं. तिनं बाही वर सारून तळहात कोपरावर ठेवला. माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

"कधीपासून?" तिनं पुन्हा विचारलं. शब्द तेच होते.

"सकाळपासून."

"मी विचारलं तेव्हा?"

"हो."

ती ओरडेल, रडेल, कुणाला फोन लावेल असं त्याला वाटलं. त्यातलं काहीही त्याला चाललं असतं. ती तळहात तिथेच ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "मी रोज रात्री इथे हात ठेवून झोपते ते तुमच्यासाठी नाही हो. मला झोप लागत नाही." एवढंच. आणि मग एकदम वळून रिक्षाला हात केला.

सर्जननं बोटानं शीर दाबून पाहिली, घड्याळाकडे पाहिलं. "उशीर केलात. पण प्रयत्न करू. गुठळी अजून निघेल असं वाटतंय." मग त्यानं तळहात बघितला, बोटं बघितली. "हाताला बरं वाटतंय ना? वाटणारच. शीर चालू झाली की पुन्हा गार पडेल. पण तुमचा कामाचा हात उजवा आहे, त्यामुळे निभावेल."

"डावा," तो म्हणाला.

"काय?"

"माझा कामाचा हात डावा आहे. उजवा जेवायचा. तुम्ही जेवायचा विचारला होता."

सर्जन काही क्षण त्याच्याकडे बघत राहिला, मग बायकोकडे, आणि मग स्टूल ओढून खाली बसला. "मी सगळ्यांना तसंच विचारतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "असं करू. गुठळी काढतो, आणि त्याच वेळी जोडापाशी टाके घालून शीर थोडी आवळतो. हात सुन्न करीन तो फक्त कोपरापाशी, बोटं जागी राहतील. मी आवळत जाईन, तुम्ही बोटांना काय कळतंय ते सांगत जा. कळायला लागलं की मी तिथेच थांबेन. त्यापुढे आवळलं तर पुन्हा बंद पडेल, आणि मग मला दुसरी जागा नाही. बोटांत धरायला काहीतरी लागेल, बारीक, धार असलेलं."

त्यानं खिशातून मेणाचा दात काढला. सर्जनला हसू आलं. बायकोला आलं नाही.

टेबलावर तो उताणा पडला होता, डावा हात आडव्या फळीवर, वर मोठा दिवा, मध्ये हिरव्या कापडाचा पडदा. दिव्याची ऊब मुठीवर येत होती. अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत दात होता, आणि त्याची वाकडी धार इतकी स्पष्ट लागत होती की ती बोटांना चावत होती. पडद्यापलीकडे ओढाताण झाली, दुखलं नाही, नुसतं आतून कुणी कपाट सरकवल्यासारखं वाटलं. "आली," सर्जन म्हणाला. आणि मग दंडात काहीतरी उठून बसलं. आधी एक धडक, मग दुसरी, मग ती सलग गुरगुर, हाडापर्यंत. त्याला ती फार ओळखीची वाटली. दिवसभर आपण तिच्याविना कसे होतो ते कळेना. आणि त्याच श्वासात करंगळी गेली. मग शेजारची. गार पाणी चढत यावं तसं ते मधल्या बोटापर्यंत आलं, अंगठ्यापर्यंत आलं, आणि दाताची धार पुसली गेली. हातात काहीतरी आहे एवढंच उरलं.

"आवळतोय," सर्जन म्हणाला. "आता?"

"नाही."

"आता?"

त्यानं दात दाबला, जोर लावून दाबला. "नाही."

"आता थोडं?"

गुरगुर बारीक झाली होती. दंडात त्याला ते कळत होतं. मघाशी ती भरल्या घरासारखी होती, आता शेजारच्या घरातून यावी तशी. बोटांत मुंग्या आल्यासारख्या झाल्या, कुणी फार लांबून हाक मारावी तशा. आणखी एक टाका, फार तर दोन, की धार येईल. ती येणार हे त्याला नक्की ठाऊक होतं, आयुष्यभर त्यानं केसाइतके चढ मोजले होते. आणि आणखी एक टाका की गुरगुर थांबेल हेही त्याला तेवढंच नक्की ठाऊक होतं. त्याला रस्त्याकडेला उभी असलेली बायको दिसली, हसू तोंडावर ठेवून निघून गेलेली.

"आता? कळतेय धार?"

"कळतेय," तो म्हणाला. मोठ्यानं.

"छान. मग इथेच थांबू."

बाहेर आणलं तेव्हा ती उठून आली. काही विचारायच्या आधी तिनं पट्टीच्या वरच्या बाजूला तळहात ठेवला आणि डोळे मिटले. बराच वेळ ठेवला. "आहे," ती म्हणाली. मग तिनं त्याचा हात घेतला. "गार आहे."

"थोडा."

"डॉक्टर म्हणाले, धार कळतेय तुम्हाला. म्हणाले, छान जमलं."

"हो. कळतेय."

त्याची मूठ अजून मिटलेली होती. ती मिटलेली आहे हे तिनं उघडायला घेतली तेव्हा त्याला कळलं. एकेक बोट तिनं सोडवलं. तळहातावर मेण होतं. दिव्याच्या उबेनं आणि त्याच्या अंगठ्यानं ते दाबून दाबून सपाट झालं होतं, चपटी चकती, तिच्यावर अंगठ्याचा ठसा. त्यात दात नव्हता, वाकडा नाही की सरळ नाही, आणि धार तर कुठेच नव्हती. तिनं ते पाहिलं. मग त्याच्याकडे पाहिलं. तिनं त्याची बोटं त्या मेणावर पुन्हा एकेक करून मिटवली, मूठ आपल्या दोन्ही हातांत घेतली आणि जोरजोरात चोळायला लागली.